मोठ्या हौशी कॉयरमध्ये ऑर्केस्ट्राबरोबर गायचंय? मग हे वाचा

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी दर दिवाळी कार्यक्रमात मला विचारतंच की तू ते इंग्रजी कॉयरमध्ये गातेस ते आम्हालाही जमेल का गं, आणि मी दरवेळी समोश्याची प्लेट हातात धरून तेच तेच सांगत बसते, म्हणून एकदाचं लिहूनच काढतेय. उत्तर हो असं आहे. तुमचा आवाज कसा आहे याची तुम्ही जेवढी काळजी करताय तेवढी कुणालाच पडलेली नसते. शंभर-सव्वाशे लोकांच्या कॉयरमध्ये सुंदर आवाजापेक्षा मोजता येणारा, मान वर करून बघणारा आणि नको तिथे तोंड बंद ठेवणारा माणूस जास्त कामाचा, आणि हे तिन्ही शिकता येतं.

आधी हे काय प्रकरण आहे ते. इथे त्याला कोरल सोसायटी म्हणतात आणि बऱ्यापैकी मोठ्या गावात एखादी तरी असतेच. बऱ्याचदा कॉन्सर्ट चर्चमध्ये होते, कारण शंभर गायक, चाळीस वादक आणि वर ऑडियन्स मावेल असा दुसरा हॉल गावात नसतो, पण म्हणून तो चर्चचा कॉयर नव्हे. डेंटिस्ट, निवृत्त पोस्टमन, शाळेतल्या बाई, आयटीवाले, कुणीही असतं. शब्द ख्रिस्ती असतात हे खरंय, पण तुमचा देव कोणता हे कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर गाणाऱ्यांतल्या निम्म्यांना स्वतःलाच ते माहीत नसावं असं मला वाटतं. दर आठवड्याला संध्याकाळी दोन-अडीच तास तालीम, मधे चहा-बिस्किटं, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा कॉन्सर्ट. त्या दिवशी दुपारी भाड्याने आणलेला ऑर्केस्ट्रा येतो, तो आणि तुम्ही पहिल्यांदाच भेटता, आणि संध्याकाळी साडेसातला लोकांसमोर उभं राहायचं. सगळी गंमत आणि सगळी भीती त्या एका दुपारची.

कॉयर शोधणं

सीझन साधारण सप्टेंबरला सुरू होतो, तेव्हा नव्या लोकांसाठी दारं उघडी असतात. बऱ्याच सोसायट्या ऑडिशन घेत नाहीत, काही घेतात पण ती पण हलकीशी, म्हणजे पियानोवर चार सुरांची ओळ वाजवली की तुम्ही ती म्हणून दाखवायची. भजनी मंडळात, गणपतीच्या आरत्यांत किंवा शाळेच्या समूहगीत स्पर्धेत जे सुरात गायलेत त्यांना हे अवघड जाऊ नये. पुरुष असाल आणि वरच्या पट्टीत आवाज जात असेल तर तुमच्यासाठी पायघड्याच घालतील, कारण टेनरचा दुष्काळ जवळजवळ प्रत्येक कॉयरमध्ये असतो, इतका की कितीतरी ठिकाणी खालच्या आवाजाच्या बायका टेनरमध्ये बसवतात. फी असते, ती तिमाही किंवा वार्षिक, आणि अजिबातच खात्री नसेल तर 'कम अँड सिंग' नावाचे एक दिवसाचे कार्यक्रम असतात ते आधी करून बघा, सकाळी शिकायचं आणि संध्याकाळी गायचं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अशीच एक प्रचंड 'मसाया' (हँडल या संगीतकाराचं कॉयर आणि ऑर्केस्ट्रासाठीचं, ख्रिस्ती शब्दांचं मोठं काम) होते, स्क्रॅच मसाया म्हणतात तिला, १९७४ ला तो प्रकार सुरू झाला, हजारो लोक आपापली पुस्तकं घेऊन येतात आणि थेट गातात. पण पहिल्यांदाच तिथे जाऊ नका, नुसते वाहून जाल.

मुंबईत असाल तर तिथेही सोय आहे. परांजोती अकॅडमी कोरस १९५६ पासून चालू आहे, आणि एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून. गोव्याच्या लोकांना तर मी काय शिकवणार, तिथे चर्चच्या शाळांमधून नोटेशन वाचायला शिकवायची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची आहे.

तुम्ही कुठल्या गटात

सोप्रानो म्हणजे बायकांचा वरचा आवाज, अल्टो खालचा, टेनर पुरुषांचा वरचा, बेस खालचा. आपल्याकडे क्लासला जाऊन शिकलेल्या बायका बहुतेक काळी चार-काळी पाचला सा धरतात आणि मंद्रात छान उतरतात, त्यामुळे त्या अल्टोत जातात. मीही अल्टोच. सोप्रानोला मेन ट्यून मिळते आणि ती वर चढत राहते, अल्टोला बऱ्याच वेळा एकाच सुरावर पानभर उभं राहावं लागतं, पण त्यात कान तयार होतो तो असा की बस.

क्लासला शिकलेल्यांनी तीन सवयी गेटबाहेर ठेवून यायच्या. एक, मींड. सुरावर खालून घसरत जायचं नाही, सूर थेट वरून पकडायचा, कारण शंभर माणसं शंभर वेगवेगळ्या वेगानं घसरली तर काय होईल विचार करा. दोन, हरकती-मुरक्या. लिहिलंय तेवढंच. आणि तीन, सर्वात अवघड, मनातला षड्ज. आपला सा एकदा लावला की दोन तास हलत नाही, तानपुरा पाठीशी असतो. इथे तानपुरा नाही आणि सा एकाच गाण्यात चार वेळा घर बदलतो. पहिले काही आठवडे हे फार त्रास देतं, डोकं म्हणतं हा प आहे आणि कॉयर म्हणतो हा सा आहे. यावर उपाय म्हणजे सुरांची नावं न घेता फक्त आधीच्या सुरापासून किती वर किती खाली एवढंच बघणं, आणि बाजूला बसलेल्या जुन्या खोडाला चिकटून राहणं.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हजारो कामगार लोक गायला शिकले ते आपल्या सरगमसारख्याच पद्धतीनं. जॉन कर्वेन यांची टॉनिक सोल-फा नावाची पद्धत होती, डो-रे-मी, आणि डो म्हणजे ज्या पट्टीत गाणं असेल तिचा सा. आणि नॉव्हेलो कंपनीनं स्वस्तात पुस्तकं छापली. हे दोन झाले नसते तर गिरणीतल्या कामगारांनी हँडल गायलाच नसता. त्यामुळे घरी सराव करताना तुम्ही खुशाल सरगम वापरा. मसायामधल्या हॅलेलुया कोरसची सुरुवात घ्या, पट्टी पांढरी दोन, सोप्रानोची पहिली ओळ म्हणजे तार सा, प, ध, प. झालं, येतंय की.

स्कोअर, पेन्सिल, मोजणं

नोटेशन वाचता यायलाच हवं असं नाही, पण त्याच्याकडे बघून वर चाललंय की खाली, लांब आहे की आखूड, आणि आपण कुठे आहोत एवढं कळायला हवं. कॉयरच्या हातात जो असतो तो व्होकल स्कोअर, म्हणजे चार आवाजांच्या चार ओळी आणि खाली ऑर्केस्ट्राऐवजी पियानो. पहिली चूक सगळ्यांची हीच होते की पान उलटल्यावर डोळे वरच्या ओळीवर जातात आणि माणूस दोन सेकंद दुसऱ्याचंच गातो. पहिल्याच आठवड्यात घरी बसून प्रत्येक पानावर आपल्या ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलनं एक खूण करा. पेन्सिलच, टू-बी, हायलायटर नाही, कारण स्कोअर बहुतेक भाड्याचा असतो. आणि कोणती एडिशन हे नक्की विचारा. इथे मसायासाठी बऱ्याच जणांकडे नॉव्हेलोची वॉटकिन्स शॉ यांची एडिशन असते, तुम्ही इंटरनेटवरून भलतीच फुकट प्रिंट काढून आणलीत तर कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून हातानं ताल दाखवणारा माणूस, म्हणणार पान एकशे बारा आणि तुम्ही भलत्याच गाण्यात.

आता मोजणं. जिथे तुम्ही गात नाही तिथेच खरं काम असतं. चौदा बार रेस्ट आहे, म्हणजे चौदा आवर्तनं गप्प राहायचंय, तर एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार असं मोजायचं, म्हणजे पहिल्या मात्रेला कितवा बार आहे तो आकडा म्हणायचा. आवर्तनं मोजायची सवय असलेल्यांना हे लगेच जमतं. कंडक्टरचा हात खाली येतो ती पहिली मात्रा, म्हणजे आपली सम, बाकी हात कुठेही फिरो, खाली आला की सम. चारच्या तालात खाली, आत, बाहेर, वर. तीनमध्ये खाली, बाहेर, वर. हे एवढं जरी डोक्यात बसलं तरी हरवलात तर पुढच्या समेला परत सापडता. आणि बोटांवर मोजा, स्कोअरखाली, कुणाला दिसत नाही. तरी फक्त मोजण्यावर विसंबू नका, आपल्या एन्ट्रीच्या आधी कोण काय गातंय ते पेन्सिलनं लिहा: 'बेसनंतर', 'टेनर वर गेले की'. आणि आपला पहिला सूर कुणाच्या तोंडातून मिळणार आहे ते शोधा. माझ्या पुस्तकात अल्टोचा सूर बऱ्याच ठिकाणी टेनरच्या शेवटच्या सुराला गोल करून बाण काढून दाखवलाय.

घरचा अभ्यास

फक्त यूट्यूबवर रेकॉर्डिंग लावून बरोबर गाऊ नका. तिथे सगळे आवाज एकत्र येतात आणि तुम्ही नकळत सोप्रानोची ट्यून गाता, आणि जुन्या पद्धतीच्या वाद्यांचं रेकॉर्डिंग असेल तर ते बऱ्याचदा चारशे पंधरा हर्ट्झवर लावलेलं असतं, म्हणजे आपल्या नेहमीच्या चारशे चाळीसपेक्षा जवळजवळ अर्धा सूर खाली. त्याऐवजी आपापल्या आवाजाचे वेगळे प्रॅक्टिस ट्रॅक मिळतात, ते घ्या, कारमध्ये लावा, भांडी घासताना लावा.

शब्दांचं म्हणाल तर इथे आपली बाजू जोरात आहे, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. व्हर्डीचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत, लॅटिनमध्ये आहे, आणि लॅटिनचे स्वर आ-ए-ई-ओ-ऊ असे सरळ लागतात. इंग्रज माणूस 'ए' म्हणताना शेवटी 'एइ' करतो आणि कंडक्टर दर आठवड्याला त्यांना ओरडतो, आपल्याला ते जन्मतःच येतं. त आणि द पण आपले दाताचे. 'ग्रात्सिआ' मधला त्सि म्हणजे चमच्याच्या च-च्या जवळचा, आपल्याला तोंड वेडंवाकडं करावं लागत नाही. मी सगळे शब्द सरळ देवनागरीत ओळीच्या वर लिहिते, दीएस ईरे, दीएस ईल्ला, शेजारच्या बाईंना वाटतं मी काहीतरी गुप्त लिपी वापरतेय. जपानमध्ये बेथोवेनची नववी सिम्फनी डिसेंबरात गायची प्रथाच आहे, ओसाकाला १९८३ पासून दहा हजार लोकांचा कॉयर जमतो, आणि तिथेही नवखे लोक जर्मन शब्द आपल्या लिपीत लिहून पाठ करतात. जर्मनचे काही आवाज मात्र आपल्याकडे नाहीत, ते ऐकूनच घ्या.

व्यंजनांबद्दल एकच नियम: व्यंजन मात्रेच्या आधी, स्वर मात्रेवर. 'ग्लोरी' म्हणायचं असेल तर ग्ल हे मात्रेच्या किंचित आधी होऊन 'ओ' समेवर यायला हवा, नाहीतर अख्खा कॉयर उशिरा वाटतो. आणि शब्दाच्या शेवटचा स. शंभर लोकांनी मनाला येईल तेव्हा स म्हटला तर हॉलमध्ये साप सोडल्यासारखं होतं. कंडक्टर हाताने दाखवेल तेव्हाच, आणि खात्री नसेल तर म्हणूच नका, बाकीचे नव्याण्णव म्हणतातच. श्वासाचंही तसंच, लांब सूर असेल तर शेजारी श्वास घेतो तिथे तुम्ही घेऊ नका, शब्दाच्या मधे कुठेतरी हळूच घ्या आणि हळूच परत या, ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो.

मसाया: कुठे फसतात

पहिली कॉन्सर्ट मसाया असायची शक्यता खूप, विशेषतः डिसेंबरात, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. हँडलनं १७४१ मध्ये साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत लिहून काढला, १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनला पहिला प्रयोग. तेव्हा गाणारे मोजकेच होते. मोठ्या कॉयरची चटक नंतर लागली, १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडलच्या स्मरणार्थ पाचशेच्या वर लोक जमले आणि मग कुणाला आवरेचना, एकोणिसाव्या शतकात क्रिस्टल पॅलेसमध्ये तर हजारोंनी गायले.

'फॉर अंटू अस' नावाचा कोरस आहे त्यात 'बॉर्न' या एका शब्दावर लांबच लांब तान आहे. हँडलनं ती आपल्याच एका इटालियन प्रेमगीतातून उचलली, त्याच उन्हाळ्यात दोन बायकांच्या आवाजासाठी लिहिलेलं युगुलगीत होतं, म्हणजे दोन चपळ आवाजांची गोष्ट त्यानं अख्ख्या कॉयरच्या गळ्यात मारली. जड आवाजात ती ओढली की मेलात. आवाज अर्धा करा, चार-चार सुरांचे गट करा, प्रत्येक गटाचा पहिला सूर हलकासा दाबा, आणि घरी आधी निम्म्या लयीत सरगम म्हणा, मग आकार, मग शब्द. ताना घोटलेल्या माणसाला हे नवीन नाही. मधले दोन-चार सूर गळाले तर गळू देत पण पुढच्या गटाच्या पहिल्या सुरावर हजर पाहिजे. सगळे सूर गायच्या हट्टापायी मागे राहिलेला माणूस कॉयरला जास्त नडतो.

आणि तो शेवटचा थांबा. हॅलेलुया कोरसच्या शेवटी ट्रम्पेट आणि टिंपनीच्या गजरात हॅलेलुया, हॅलेलुया असं लागोपाठ येतं, सगळे जोशात, ऑडियन्स प्रथेप्रमाणे उभा, आणि मग एकदम शांतता. पूर्ण रेस्ट. त्यानंतर एकच शेवटचा, संथ, रुंद हॅलेलुया. दरवर्षी इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे कुणीतरी त्या शांततेत एकटाच 'हॅ!' करतो आणि मग त्या गावात पुढे कित्येक वर्षं त्याची ओळख तीच राहते. त्या जागी स्कोअरवर मोठं चष्म्याचं चित्र काढतात इथे, म्हणजे वर बघ. तुम्हीही काढा. नुसतं काढू नका, तिथे पुस्तक जरा खालीच करा, म्हणजे वाचायला काही उरतच नाही आणि डोळे आपोआप कंडक्टरच्या काठीवर जातात.

ऑर्केस्ट्रा येतो ती दुपार

ही खरी परीक्षा. दोन महिने पियानोवर सगळं शिकलात, पियानोवाल्या बाई तुमचा सूर प्रेमानं दोनदा वाजवून द्यायच्या, आणि आज तिथे पियानोच नाही. तुमचा सूर कुठल्यातरी व्हायोलाच्या खर्जात लपलाय. समोर पितळी वाद्यांचा ढीग, त्यांची पाठ तुमच्याकडे असली तरी आवाज असा की स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो. मग माणूस काय करतो, जोरात ओरडायला लागतो, आणि संध्याकाळपर्यंत घसा बसतो. हे करू नका. स्वतःचं ऐकू येत नाही हे नॉर्मल आहे. गळ्यात सूर कसा वाटतो, तोंडाची जागा कशी वाटते यावर भरवसा ठेवायचा, ती शारीरिक आठवण दोन महिन्यांत तयार झालेली असते.

दुसरी गोष्ट, कानावर नाही, काठीवर चला. यामागे साधं गणित आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे हॉलच्या एका टोकापासून तुमच्यापर्यंत वीस मीटर असतील तर यायला जवळजवळ ०.०६ सेकंद लागतात. ऐकायला काहीच वाटत नाही, पण मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा पाव भाग ०.१२५ सेकंदाचा असतो, म्हणजे तुम्ही त्या पाव भागाच्या निम्म्यानं मागे पडलात. ऐकून गायलात की मागे, तुमचं ऐकून मागची रांग गायली की अजून मागे, आणि समोर बसलेल्यांना मग चिखल ऐकू येतो. काठी दिसते ती मात्र लगेच. म्हणून उभं राहताना आपल्याला कंडक्टर दिसतोय की समोरच्या उंच माणसाचं टक्कल, ते दुपारीच तपासा आणि दिसत नसेल तर तेव्हाच जागा बदलून मागा, संध्याकाळी नाही.

काही कामांत ऑर्केस्ट्रा मदतही करतो. मोझार्टच्या रेक्विएममध्ये व्हिएन्नाच्या जुन्या रीतीप्रमाणे ट्रॉम्बोन बऱ्याच ठिकाणी अल्टो, टेनर आणि बेसबरोबर तीच ओळ वाजवतात, फक्त सोप्रानो बिचाऱ्या त्यांच्याशिवाय. आपल्या ओळीला कोणतं वाद्य साथ करतंय हे दुपारी कान देऊन शोधा आणि पुस्तकात लिहा. व्हर्डीमध्ये उलटं, 'दीएस ईरे' सुरू होताना बेस ड्रमचे असे तडाखे बसतात की नवखा माणूस दचकून आपली एन्ट्रीच विसरतो, आणि त्यातले काही तडाखे मात्रेवर नसून मधेच येतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. ड्रम कुठे वाजणार ते दुपारी ऐकून ठेवा.

दुपारी पूर्ण आवाजात गाऊ नका, अर्ध्या आवाजात, किंवा वरचे सूर सप्तक खाली. आणि प्रश्न विचारू नका. ऑर्केस्ट्राचे लोक तासांवर पैसे घेतात, साधारण तीन तासांचं सेशन, आणि 'सर, बार चौऱ्याहत्तरमध्ये श्वास कुठे' हा प्रश्न दीडशे लोकांचा वेळ खातो. तो चहाच्या वेळी शेजारणीला विचारा. कंडक्टर मधलीच पानं घेतो, उड्या मारतो, काही कोरस नुसते सुरू करून सोडून देतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बेथोवेनच्या नवव्यासाठी एक खास सूचना, कॉयर चौथ्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे शेवटच्या भागातच गातो. आधीचा पाऊण तास, कधी जास्तच, तुम्ही स्टेजवर शेकडो लोकांच्या तोंडासमोर नुसते बसलेले असता. डुलकी लागू शकते, हसू नका, मी बघितलंय. आणि मग थंड गळ्यानं एकदम वरच्या पट्टीत. सोप्रानोंना त्यात पांढरी सहाचा वरचा सूर इतका वेळ धरावा लागतो की मला अल्टो असल्याचा आनंद होतो. तोंड बंद ठेवून मोठी जांभई दिल्यासारखा घसा आतून उघडत राहा, घोट घोट पाणी, आणि बेस सोलोइस्ट उभा राहिला की पाठ ताठ.

कपडे, डबा, बाकीची हत्यारं

ड्रेस कोड बहुतेक सगळा काळा. काळी साडी चालते का, तर चालते, मी विचारून घेतलंय, संक्रांतीशिवाय तिला बाहेर काढायला दुसरं निमित्त तरी कुठे मिळतं. पण लाकडी पायऱ्यांच्या उतरत्या स्टेजवर दीडशे लोकांत चढताना निऱ्या पायात येतात, त्यामुळे साडी दोन बोटं वर नेसा, पदर पिनअप करा आणि सपाट चपला-बूट घाला. बांगड्या नाहीत. काचेच्या तर नाहीच नाहीत. पियानिसिमोमध्ये, म्हणजे अगदी हळू गायच्या जागी, पान उलटताना एका हातातल्या चार बांगड्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात. परफ्यूमही नको, शेजारचा शिंकतो.

काळी फाइल, पेन्सिल, पाण्याची बाटली, खडीसाखर किंवा ज्येष्ठमधाचा तुकडा. कागदात गुंडाळलेल्या गोळ्या आणल्या तर कागद आधीच काढून रुमालात ठेवा, शांततेत तो चुरचुर आवाज माणसाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवत नाही. दुपार आणि संध्याकाळच्या मधल्या वेळेसाठी घरून डबा न्या, पोळी-भाजी उत्तम, मिसळ किंवा तिखटजाळ काही नको, आणि पोट गच्चही नको कारण श्वास तिथूनच यायचा असतो. घड्याळाचे बीप बंद करा, बरोबर नऊच्या ठोक्याला वाजतात.

उभं राहायचं ते इशाऱ्यावर, सगळे एकदम, पुस्तक आधीच योग्य पानावर उघडून. गुडघे ताठ लॉक करून उभं राहू नका, दिव्यांच्या उष्णतेत आणि अवघडलेल्या पायांवर लोक खरंच चक्कर येऊन पडतात. डोळ्यासमोर अंधारी आली तर निमूट खाली बसा, कुणीही काही म्हणत नाही, उभं राहून पडण्यापेक्षा ते फार बरं. आणि हरवलात तर तोंड हलवत राहा, आवाज बंद, डोळे काठीवर, पुढची सम पकडा. आत्मविश्वासानं चुकीच्या जागी गाणारा एक माणूस अख्ख्या रांगेला घेऊन जातो, म्हणून शंका असेल तिथे गप्प.

नातेवाईक आणि तिकिटं

भाड्याचा ऑर्केस्ट्रा महाग पडतो त्यामुळे प्रत्येक गाणाऱ्यानं चार तिकिटं खपवावीत अशी प्रेमळ सक्ती असते. आपल्या लोकांना आणताना तीन गोष्टी आधी सांगून ठेवा. मधे मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, वाहवा तर नाहीच. मसाया पूर्ण केला तर मध्यंतर धरून अडीच-तीन तास चालतो, लहान मुलांना अर्ध्यावर घेऊन जायची सोय बघा. आणि तुमचा एकट्याचा आवाज ऐकू येणार नाही. हे तिसरं सांगूनही आई व्हिडिओ कॉलवर विचारतेच, "तू त्यात नक्की कुठे गायलीस?" तिला मी सांगते, डावीकडून तिसऱ्या रांगेत काळ्या साडीत जी तोंड उघडतेय ती मी, बाकी शंभर जणींचंही माझंच समज.

दुसऱ्या दिवशी घसा ठीक असेल तर तुम्ही बरोबर गायलात, बसला असेल तर पुढच्या वेळी कमी ओरडा. मिठाच्या गुळण्या करा आणि दोन दिवस फोनवर बोलणं कमी करा. भाड्याचा स्कोअर पुढच्या तालमीला परत द्यायचा असतो, आणि त्याआधी पेन्सिलच्या सगळ्या खुणा खोडायच्या असतात, नाहीतर काही लायब्ऱ्या दंड लावतात, म्हणून कामाच्या खुणांचे फोटो काढून ठेवा, तेच काम दोन-तीन वर्षांनी परत येतं, आणि मगच खोडरबर चालवा. देवनागरी जरा दाबून लिहिली असेल तर वेळ लागतो, रविवार मोकळा ठेवा.